मेणबत्ती विझेपर्यंत

गाडी शातियाँ-स्युर-शालारोन गावाबाहेर शेताच्या कडेला लावा आणि बूट बदला, पुढे चिखल आहे. फ्रान्सच्या पूर्वेला, लिआँ शहराच्या वरच्या अंगाला हा दोम्ब नावाचा प्रदेश. सपाट, चिकणमातीचा, आणि जिकडे पाहाल तिकडे तळी. हजाराहून अधिक तळी आहेत इथे, सगळी माणसांनी बांध घालून केलेली. काही वर्षं पाणी साठवून मासे घ्यायचे, मग पाणी सोडून द्यायचं आणि त्याच गाळात ओट पेरायचे, असा इथला जुना फेरपालट. साचलेल्या पाण्याची किंमत मात्र शेकडो वर्षं पोराबाळांनी मोजली. एकोणिसाव्या शतकापर्यंत दोम्ब म्हटलं की लोकांना आधी हिवताप आठवायचा. हा ताप ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

ओढ्याच्या वर जो झाडांचा पुंजका दिसतोय, ते संत गिनफोरचं रान. देऊळ नाही, मूर्ती नाही, पायऱ्या नाहीत. या संताचा उगम शोधायला तुम्ही इतक्या लांब आलात, तर एव्हाना कुणीतरी सांगितलं असेलच की हा संत म्हणजे एक कुत्रा होता. ग्रेहाउंड जातीचा, लांब पायांचा, सडपातळ शिकारी कुत्रा. हसू येत असेल तर हसून घ्या. रायगडावरचा वाघ्या आठवला असेल तर त्याला गाडीतच बसवून ठेवा, नाहीतर वाद घालता घालता अंधार पडेल आणि रान राहून जाईल.

आता मागे जायचं. तुम्हाला दिसेल, ऐकू येईल, बोलता येणार नाही. एवढीच अट.

पहिली उडी छोटी. 1970 नंतरची काही वर्षं, आणि या रानात पायपीट करणारा एक तरुण इतिहासकार, ज्याँ-क्लोद श्मित. 1979 साली त्याचं पुस्तक येईल आणि हा कुत्रा जगभरच्या विद्यापीठांत शिरेल. 1987 मध्ये त्यावर चित्रपटही निघेल. श्मितला वाट द्या. तुम्हाला ज्याच्यापर्यंत पोचायचंय, तो माणूस अजून सव्वासातशे वर्षं मागे आहे.

1879. टोपी हातात घेतलेले, दमलेले हे गृहस्थ म्हणजे व्हेसिएर, एँ जिल्ह्याच्या दप्तरखान्याचे अधिकारी. दोनच वर्षांपूर्वी, 1877 मध्ये, पॅरिसला लेक्वा द ला मार्श या विद्वानानं तेराव्या शतकातल्या एका पाद्र्याच्या लॅटिन गोष्टी हस्तलिखितातून काढून छापल्या. त्यात कुत्र्याच्या पूजेची एक विचित्र हकीकत होती. व्हेसिएरनी ती वाचली आणि ते चमकले, कारण गोष्टीतली नदी त्यांच्या जिल्ह्यातली होती. जागा सापडली तर दोन दगड सापडतील, फार तर एखादा खड्डा, अशा हिशेबानं ते इथे आले. आणि रान तर नांदतं आहे! आजूबाजूच्या आया आजारी मुलं घेऊन अजून इथे येतात. कोवळ्या फांद्या वाकवून त्यांना गाठी मारलेल्या आहेत. जे दैवत सहा शतकांपूर्वी जाळून संपवल्याचं लेखी आहे, त्याच्या दारात हे सरकारी गृहस्थ उभे आहेत. दप्तरखान्यातल्या माणसाचा चेहरा असा क्वचित पाहायला मिळतो, दोन मिनिटं जास्त थांबलात तरी चालेल.

1826 पाशी नुसतं डोकवा. एक पाद्री बिशपला कळवतोय की लोक मुलांच्या तापासाठी या रानात जातात. पत्रात नापसंती आहे, आश्चर्य नाही. 1617 ला त्याहूनही कमी थांबा. शातियाँच्या चर्चमध्ये त्या वर्षी जो नवा पाद्री आला आहे तो व्हँसाँ द पोल, गोरगरिबांचा वाली म्हणून पुढे अख्ख्या कॅथलिक जगाला माहीत होणारा संत. याच दोम्बमध्ये आर्स गावी एकोणिसाव्या शतकात ज्याँ व्हियाने चाळीस वर्षं राहिला, तोही संत झाला. रोमनं शिक्का मारलेले असे दोन संत इतके जवळ, आणि तान्ह्या मुलाचं अंग तापलं की बायांचे पाय वळत ते या रानाकडे.

पुढची उडी लांब आहे, डोळे मिटा.

लिआँ, साधारण 1255. डॉमिनिकन मठातल्या खोलीत एक म्हातारा लिहितो आहे. एत्येन द बूर्बाँ. आयुष्यभर गावोगाव प्रवचनं करत हिंडला, पाखंड्यांची चौकशी करण्याचा अधिकार घेऊनही हिंडला. आता ऐकलेलं आणि पाहिलेलं सगळं एका ग्रंथात रचतो आहे, पुढच्या प्रवचनकारांना दृष्टान्त हाताशी असावेत म्हणून. आपल्या कीर्तनकारांच्या उत्तररंगाला जशी आख्यानांची वही लागते तसंच काहीसं. पवित्र आत्म्याची सात दानं, त्याप्रमाणे ग्रंथाचे सात भाग ठरवलेत. पाचव्यावर काम थांबेल, कारण 1261 च्या सुमारास तो मरेल. याच ग्रंथात अंधश्रद्धेच्या प्रकरणात आपला कुत्रा आहे.

त्याच्या खांद्यावरून वाचा. गिनफोर कुत्र्याच्या गोष्टीबद्दल पुढे जे जे कुणी लिहिलं, अगदी आजवर, त्याचं मूळ ही एक-दोन पानं आहेत. तेराव्या शतकातला दुसरा साक्षीदार नाही. त्यामुळे हा माणूस कोण, कुठला, हे पाहून ठेवलेलं बरं. त्याचा जन्म सोन नदीकाठच्या बेलव्हिलचा. रानाखालून वाहणारी शालारोन ज्या सोनला मिळते, तीच ही सोन, आणि तो संगमही बेलव्हिलपासून फार दूर नाही. म्हणजे पॅरिसला शिकून आलेला हा चौकशी अधिकारी त्या बायांचा जवळजवळ गाववालाच. त्यांची बोली समजायला त्याला दुभाषा लागला नसेल. मला राहून राहून वाटतं, लहानपणी त्याच्याही कानावर हे नाव एकदा तरी पडलं असावं. पण हा माझा तर्क, त्याच्या पानावर असं काही नाही.

पानावर आहे ते असं. दोम्बमध्ये चेटूक-मंत्रतंत्राविरुद्ध प्रवचनं करून तो कबुलीजबाब ऐकायला बसला. एकामागून एक बाया आल्या आणि सांगू लागल्या की आम्ही मूल घेऊन संत गिनफोरकडे गेलो होतो. त्याला वाटलं असेल कुणी साधुपुरुष. चौकशी करत गेला, तेव्हा कळलं की संत म्हणजे कुत्रा.

त्याला कळलेली गोष्ट अशी. व्हिलारच्या सरदाराच्या मुलखात, नव्हिलच्या जोगिणींच्या मठाजवळ, एक गढी होती. गढीच्या धन्याला एक तान्हा मुलगा. एके दिवशी धनी बाहेर गेला, धनीण बाहेर गेली, दाईही गेली. पाळण्यात मूल एकटं. भला मोठा साप घरात शिरला आणि पाळण्याकडे सरकला. कुत्र्यानं पाहिलं, तो पाळण्याखाली घुसला, झटापटीत पाळणा उलटला. शेवटी त्यानं साप मारला, फाडून लांब फेकला, आणि रक्तानं माखलेलं तोंड घेऊन पाळण्याशी उभा राहिला. दाई आली. तिनं पालथा पाळणा आणि लाल तोंड पाहिलं नि किंकाळी फोडली. आई धावत आली, तीही ओरडली. धन्यानं तलवार उपसली.

नंतर मूल सापडलं, शांत झोपलेलं.

इथे तुम्ही मान वर करता. ही गोष्ट तर तुम्हाला ठाऊक आहे! फ्रान्सला येण्याची गरजच नव्हती. कुत्र्याच्या जागी मुंगूस घाला, तलवारीच्या जागी पाण्याची घागर, की झाली शाळेतली गोष्ट. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ती आहे, बिनविचारानं केलेल्या कामांच्या गोष्टींत. ब्राह्मणाची बायको नवऱ्याला मुलाकडे लक्ष द्यायला सांगून पाण्याला जाते, नवरा भिक्षेच्या ओढीनं निघून जातो, आणि परतलेली आई रक्तानं माखलेलं मुंगूस पाहून त्याच्यावर भरली घागर टाकते. सहाव्या शतकात इराणच्या बादशहासाठी पंचतंत्राचं पहलवीत भाषांतर झालं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं त्यावरून अरबीत 'कलीला व दिम्ना' केलं. या आणि अशा वाटांनी गोष्ट पश्चिमेला सरकत गेली, वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला. मुंगूस तिकडे पाळतो कोण? 'रोमच्या सात शहाण्यांच्या' कथांमध्ये तो कुत्रा आहे, आणि बाराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्सच्याच एका मठवासीयानं लॅटिनमध्ये लिहिलेल्या 'दोलोपाथोस' मध्येही आहे. एत्येनच्या गोष्टीतला तो भला मोठा साप पाहा. दोम्बच्या तळ्यांत पाणसाप पुष्कळ, पण घरात शिरून पाळण्यावर चालून येणारा साप तिथला वाटत नाही. मुंगूस वाटेत बदललं, साप आपला तसाच गेला असावा.

मग गढी? त्या गढीच्या दारात जाऊन उभं राहायची तुमची इच्छा मला समजते. पण तिथे जाऊ गेलात की पाय घसरतो आणि तुम्ही भलतीकडेच पडता. एकदा उज्जैनमध्ये, कारण हितोपदेशातला मुंगूसवाला ब्राह्मण तिथला. एकदा वेल्समधल्या बेडगेलर्ट गावात, जिथे राजपुत्रानं अशाच चुकीनं मारलेल्या गेलर्ट कुत्र्याची कबर दाखवतात. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड प्रिचर्ड नावाच्या खाणावळवाल्यानं गिऱ्हाईक वाढावं म्हणून उभी केली, असं गावातच हसत सांगतात. आणि एकदा इटलीत, पाव्हिया शहरात. तिथे गिनफोर नावाचा माणूस आहे. बाण मारून ठार केलेला हुतात्मा, त्याचा सण 22 ऑगस्टला. हे नाव मठांच्या वाटेनं फ्रान्सभर फिरलं, ठिकठिकाणी त्याची ठाणी झाली, आणि दुखणाईतांसाठी त्याला नवस होऊ लागले. इतरत्र गिनफोरची ख्याती अशी, की तो दुखणं लोंबकळत ठेवत नाही, माणूस एक तर बरा होतो नाहीतर सुटतो. 22 ऑगस्ट म्हणजे तिकडच्या कडक उन्हाळ्याचा शेवट, आणि त्या दिवसांना लॅटिनपासूनच नाव आहे कुत्र्याचे दिवस, व्याध ताऱ्यावरून. श्मितनं हे सगळे धागे शेजारी शेजारी ठेवले. इटलीतून आलेलं नाव, पूर्वेकडून आलेली गोष्ट, आणि दोम्बमधली एक पडीक जागा. एत्येनच म्हणतो, गढी पुढे उजाड झाली, मुलूख ओस पडला. कुत्र्याला गढीच्या दारातल्या विहिरीत टाकून वर दगडांचा ढीग रचला होता, आठवण म्हणून झाडं लावली होती. माणसं गेली, झाडं वाढली, आणि आसपासचे शेतकरी निरपराध मेलेल्या कुत्र्याला हुतात्मा मानून तिथे जाऊ लागले.

उगम शोधायला निघालेल्या माणसाचं इथे समाधान व्हायला हवं. तीन धागे हातात आले. तरी माझं मन भरत नाही, कारण त्या कबुलीजबाबात बाया साप, तलवार, गढी यांच्याबद्दल बोलायला आल्याच नव्हत्या. आपण काय केलं ते सांगायला त्या आल्या होत्या. तेव्हा एत्येनचं पान उलटा.

आधी त्याचा दिवस पाहून घ्या, म्हणजे मन मोकळं होईल. तो स्वतः रानात गेला. गाव गोळा केलं, प्रवचन केलं. मग विहिरीवरचे दगड बाजूला करायला लावले, कुत्र्याची हाडं वर काढली, झाडं तोडली, आणि लाकूड नि हाडं एकत्र जाळली. तिथल्या धन्यांकडून हुकूम काढवला, की यापुढे या कामासाठी जो इथे येईल त्याची चीजवस्त जप्त करून विकली जाईल. बायांना जाळल्याचं त्यानं लिहिलेलं नाही. त्याच्या वर्गवारीत ही अंधश्रद्धा होती, पाखंड नव्हतं, आणि पाखंडाची शिक्षा वेगळी होती. ओलं लाकूड जळताना फार धूर होतो. गर्दीत बाया कडेला उभ्या आहेत, काहींच्या काखेत मुलं आहेत.

आता त्याच्याही थोडं मागे. रान अजून उभं आहे.

एक बाई येते. तिच्याबरोबर एक म्हातारी आहे, कोसभरावरच्या गावातून आणलेली. हे सगळं कसं करायचं ते तिलाच माहीत. मूल सुकलं आहे. आपल्याकडे जसं म्हणतात ना, बाळ सुकायला लागलं, तसंच. हाडांवर कातडी, मोठे डोळे, रडण्यातही जोर नाही. बाईची समजूत अशी की हे मूल आपलं नाहीच. रानातल्यांनी आपलं गुटगुटीत बाळ उचलून नेलं आणि त्यांचं मरतुकडं पोर पाळण्यात ठेवलं. एत्येन रानातल्यांना फौन म्हणतो, लॅटिन शिकलेल्याला सापडलेला तो शब्द. बाया काय म्हणत असतील ते त्यांच्या बोलीबरोबर गेलं.

आधी मीठ ठेवलं जातं. मग म्हातारी बाळाची दुपटी सोडवते आणि झुडपांवर टाकते. तिथे आधीची फडकी आहेतच, पावसानं रंग गेलेली. झाडाच्या बुंध्यात एक खिळा ठोकला जातो. दोन झाडांच्या मधल्या फटीच्या एका बाजूला आई उभी राहते, दुसऱ्या बाजूला म्हातारी, आणि उघडं मूल फटीतून इकडून तिकडे टाकलं जातं. नऊ वेळा. झेलणाऱ्या हातांवर नीट लक्ष द्या. म्हातारीचे हात स्थिर आहेत. दर फेरीला रानातल्यांना विनवणी, हे तुमचं तुम्ही घ्या, आमचं आम्हाला द्या, धष्टपुष्ट, जिवंत.

नंतर पाळण्यातलं गवत झाडाच्या मुळाशी पसरतात आणि मूल त्यावर उघडंच ठेवतात. बरोबर आणलेल्या विस्तवावर दोन मेणबत्त्या पेटवतात, लांबी अंगठ्याच्या रुंदीएवढी, आणि मुलाच्या वर बुंध्याला चिकटवतात. आता दोघींनी लांब जायचं. मूल दिसणार नाही आणि त्याचं रडणं ऐकू येणार नाही इतकं लांब. मेणबत्त्या विझेपर्यंत परतायचं नाही. या वेळात रानातले येतील, आपलं पोर उचलतील, खरं मूल ठेवतील. मेण ओघळून पेट घेतल्यानं काही मुलं भाजून मेली, हे बायांनीच एत्येनला सांगितलं. परतल्यावर मूल जिवंत असेल तर खाली शालारोनवर न्यायचं, वाहत्या थंड पाण्यात नऊ बुड्या द्यायच्या. त्यातून जे वाचायचं त्याची आतडी खरोखरच मजबूत असली पाहिजेत, असं एत्येन लिहितो. चिडून लिहितो, आणि चिडायला कारणही आहे. लिआँच्या त्या खोलीत बसलेल्या म्हाताऱ्याचा मला इथे राग येत नाही.

पण एक गोष्ट आहे. या सबंध हकीकतीत, दोन्ही पानांत, नाव फक्त कुत्र्याला आहे. धन्याला नाही, दाईला नाही, म्हातारीला नाही. कबुलीजबाबाचं गुपित राखायचं म्हणून बायांची नावं गाळली असतील, किंवा विचारलीच नसतील. त्यातली एक बाई मात्र नावाशिवायही वेगळी उमटली आहे, आणि तुम्हाला इथवर आणलं ते तिच्यासाठी.

ती ही. म्हातारीबरोबर ती रानाच्या कडेपर्यंत आली आहे. बुड्या, हाडं, मुंगूस, पाव्हिया सगळं विसरा आणि तिच्या शेजारी उभे राहा. इथून मूल दिसत नाही. ऐकूही येत नाही, किंवा ऐकू येत नाही असं तिनं ठरवलं आहे. तिचे हात रिकामे आहेत, काय करावं हे त्यांना कळत नाही. ती एप्रनच्या कडेचा धागा ओढते, सोडते. म्हातारी खाली बसली आहे, तिनं असं पुष्कळदा केलं आहे. तेवढ्याशा मेणबत्तीला जळायला वेळ किती लागतो? घरात चूल पेटवताना लागतो तेवढा. इथे तो संपत नाही.

मग ती वळून पाहते. पाहायचं नसतं.

रानातून लांडगा बाहेर येतो आहे, सरळ मुलाच्या दिशेनं, घाई न करता. लांडगा किंवा त्याच्या रूपातला सैतान, असं एत्येन पुढे लिहील. तिला तो लांडगाच दिसतो. रानातल्यांना हाक मारून झाली आहे, तेच आले असतील तर हीच वेळ, आणि ती मध्ये पडली तर सगळं फुकट, हेच सुकलेलं पोर पुन्हा पदरात. ती धावत सुटते. ओरडत, दगड उचलत, झुडपांवरच्या दुपट्यांना पाय अडखळत. तुम्हीही धावता आहात, बोलायची बंदी आहे तरी तोंडातून काहीतरी निघतंच. लांडगा थांबतो, बघतो, वळतो.

मूल आहे तिथेच आहे. पाठीला गवताच्या काड्या चिकटल्या आहेत, पाय गार पडले आहेत. दुपटी तर झुडपावर वाहून झाली, म्हणून ती कमरेचा एप्रन सोडून त्यात त्याला गुंडाळते, काड्यांसकट. म्हातारी मागून पोचली आहे, दम लागलेला, काही बोलत नाही. आई मुलाकडे एकदाही निरखून पाहत नाही, हे आपलं की त्यांचं. छातीशी धरते आणि गावाच्या वाटेला लागते.

तुम्ही मागे राहता. बुंध्यावरच्या दोन्ही मेणबत्त्या अजून जळताहेत.